जिवाने सांगितलेले खड्डे

जिवा म्हणजे सूर्यमाळच्या वळणांवर वीस वर्षं जीप चालवलेला माणूस. बोलायला कंजूस. पण पुढे मोळीवाली बाई दिसली, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. जव्हारच्या स्टँडवरचे आम्ही जीपवाले त्याला चिडवायचो, "जिवा, ही जीप आहे का बैलगाडी?" तो नुसता हसायचा.

दोन वर्षांपूर्वी एक कंपनी नवी गाडी घेऊन आली. समोर माणूस आला की गाडीतला कॅमेरा ओळखणार, शिट्टी वाजवणार, आणि चालवणाऱ्याने ऐकलं नाही तर गाडी स्वतःच थांबणार म्हणे. आमच्या घाटात ती तपासायची होती. चालवायला जिवाला घेतलं. कंपनीच्या साहेबाने बजावलं, "शिट्टी वाजेपर्यंत ब्रेक दाबायचा नाही."

शेळ्या आल्या, सायकलवाले आले. जिवाने जीव मुठीत धरून दम काढला. शिट्टी वाजली. पण मोळीवाल्या बायकांना बघून ती वाजेना. लाकडं डोक्यावरून पार कमरेपर्यंत आलेली, मागून माणूस दिसतच नाही. जिवाला मात्र दिसायचा. दर वेळी त्यानेच ब्रेक दाबला. मागे लॅपटॉपात डोकं घातलेला साहेब विचारायचा, "काय झालं?" हुकूम मोडला म्हणून ओरडा बसेल, या भीतीने जिवा म्हणायचा, "खड्डा होता, साहेब." साहेब तसंच लिहून घ्यायचा. आमच्या रस्त्यावर खड्ड्याची शंका कोण घेणार?

ही गंमत त्याने स्टँडवर सांगितली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. "साहेबाला बरा गुंडाळलास," मीच म्हणालो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. एकाने तरी म्हणायला हवं होतं, जा, खरं सांगून ये.

यंदा शिरपामाळ बघून निघालेल्या पर्यटकांच्या, त्याच कंपनीच्या तसल्याच गाडीने पोशीला मागून उडवलं. पोशी जिवाची सख्खी बहीण. मोळी घेऊन घरी निघाली होती. चालवणारा रडत सांगत होता, "शिट्टी वाजलीच नाही हो!" पोशी वाचली, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात मी जिवासोबत होतो. पोशीच त्याची समजूत घालत होती. "दादा, तू गाडीवर असतास त थांबला असतास."

"थांबलो ना गं," जिवा म्हणाला. "दर वेळेला थांबलो, नि साहेबाला खड्डा सांगितला."

पोशीला काहीच कळलं नाही. तिने भावाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "जेवलास का?"