वाढत्या अंगाचा रेनकोट

कुत्र्याला रेनकोट घालणाऱ्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. मुरुडला आमच्या घरासमोरूनच समुद्राकडे वाट जाते, त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची सगळी श्वानसंपत्ती मला ओट्यावर बसल्या बसल्या दिसते. गॉगल लावलेले कुत्रे पाहिले, पायांत बूट घातलेले पाहिले. एकदा तर टोपीसकट गुलाबी रेनकोट घातलेला कुत्रा पाहिला. त्याची मालकीण मात्र ओलीचिंब होऊन त्याच्यामागे धावत होती. असले चोचले आपल्या घरात चालायचे नाहीत, असं मी तेव्हा शेजारणीला ठणकावून सांगितलं होतं, आणि ते बोलणं माझ्याच अंगाशी आलं.

आमचा कुत्रा गावठी. सुरूच्या बनात कुणीतरी टाकलेलं पिल्लू माझ्या नवऱ्याच्या मागे मागे घरी आलं आणि राहिलं. नवरा एसटीत कंट्रोलर होता, आता निवृत्त आहे. रोज सकाळी दोघे समुद्रावर जातात आणि तिथून स्टँडवर, जुन्या मंडळींच्या चहात. कुत्र्याची एक खोड आहे, आमच्या वाडीत तो कधीही घाण करत नाही. मरेन पण बाहेरच जाईन, असा त्याचा बाणा. माणसांत एवढी शिस्त असती तर समुद्रकिनारा वेगळा दिसला असता.

पण मागच्या पावसाळ्यात ही शिस्तच त्याच्या जिवावर उठली. म्हातारं अंग, रोज भिजणं, आणि दिवसचे दिवस न वाळणारे केस. शेपटीच्या वर पाठ चिघळली आणि जखमेत अळ्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी कसाबसा वाचवला. या मे महिन्यात दाखवायला नेला तेव्हा ते स्पष्टच म्हणाले, "पावसाळाभर पाठ कोरडी राहिली पाहिजे. पुन्हा अळ्या पडल्या तर या वयात काही खरं नाही." घरी आल्यावर नवऱ्याने हातपाय धुतले आणि म्हणाला, "रेनकोट घेऊ या."

मी हसले. हसू नको तर काय करू?

पनवेलच्या भाचीने फोनवर दुकानं दाखवली. तिथे आधी कुत्र्याची जात विचारत होते. आमच्याकडे माणसांना विचारतात तेवढं पुरे नाही का? एकाही जातीत आमचं ध्यान बसेना. छाती एका साइजची, लांबी दुसऱ्या, आणि पोट कुठल्याच नाही. शेवटी नवऱ्याने ठरवलं, माप काढायचं आणि बाजारातल्या टेलरमास्तरांकडून शिवून घ्यायचा. ते शाळेचे गणवेश शिवतात आणि पावसाळ्यापूर्वी मोटरसायकलींची कव्हरंही, म्हणजे कापड त्यांच्याकडे होतंच.

माप घेण्याची रीत भाचीने वाचून दाखवली. कुत्रा चारी पायांवर सरळ उभा हवा. पट्टा बसतो तिथून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, मग मानेचा. ऐकायला सोपं. नवऱ्याने माझी शिवणाची टेप काढली आणि कुत्र्याने ओळखलं की आज आपले लाड आहेत. पाठीवर टेप ठेवली की तो खाली बसे. उभा केला, टेप पोटाखालून घेतली, की हा चारी पाय वर करून उताणा. बसलेल्याचं माप वेगळं, उभ्याचं वेगळं, उताण्याचं तर विचारूच नका. मी बिस्किटं दाखवून त्याला उभा ठेवत होते आणि नवरा गुडघ्यांवर बसून आकडे पुटपुटत होता. नोकरीत एवढा वाकला असता तर बढती मिळाली असती, असं मी म्हटलं. त्याने टेप पुन्हा पोटाखालून घेतली.

एवढ्यात शेजारची कोळीण मासळीची पाटी घेऊन ओट्याशी आली. तिने डोळे बारीक केले.

"वयनी, बारसा हाय काय कुत्र्याचा?"

"लग्न आहे," मी म्हटलं. "तुला आहेर आणावा लागेल."

"माझ्या पोरांची मापा मी कदी घेतली न्हाय," असं म्हणत ती हसत गेली. दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं होतं.

मास्तरांच्या दुकानात जूनची झुंबड होती. शाळा उघडायच्या होत्या, जिकडेतिकडे पोरं आणि त्यांच्या आया. पोराचं माप झालं की प्रत्येक आई तेच वाक्य म्हणत होती, "मास्तर, वाढत्या अंगाचं ठेवा हां." आमच्याकडे नेमक्या मापाचे कपडे मुलांना कुणी शिवत नाही. पँट घोट्याखाली लोळते, बाह्या बोटांवर येतात, आत चार बोटं कापड दुमडलेलं असतं, आणि पोर दरवर्षी थोडं थोडं त्या कपड्यात भरत जातं. आमचा नंबर आला. मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, पोटाखाली बटन की पट्टी?"

पट्टी ठरली. आकडे सांगून झाले. मी वळले, तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला.

"आणि मास्तर, जरा वाढत्या अंगाचा ठेवा."

दुकानातल्या आया वळून बघायला लागल्या. मास्तर म्हणाले, "कितवं साल साहेब याला?"

"बारावं."

"अच्छा," मास्तर म्हणाले, आणि गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायची सवय असल्याने त्यांनी खडूने माप वाढवलं. एक बाई पदर तोंडावर धरून हसली.

रस्त्यावर आल्यावर मी नवऱ्याचा जराही मुलाहिजा ठेवला नाही. "अहो, बारा वर्षांचा म्हातारा तो! आता काय दहावीला बसणार आहे? मिशा फुटणार आहेत? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत." तो कुत्र्याची साखळी धरून चालत राहिला. मग म्हणाला, "सगळे म्हणत होते. माझ्याही तोंडातून निघून गेलं."

आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं रडगाणं मी कधी गायलं नाही, कुणी कीव करायला लागलं की त्याला फाटकाबाहेर काढते. पण दरवर्षी जूनमध्ये हा माणूस त्या दुकानावरून जात होता, आणि हे वाक्य म्हणायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. मला त्याची दया आली. दया आली म्हणून मला आणखीनच संताप आला, आणि घरी येऊन मी भांडी आपटली.

रेनकोट आला तो तंबूच. निळ्या रंगाचा, मास्तरांनी हौसेने खिसाही लावलेला. कुत्रा खिशात काय ठेवणार होता ते मास्तरांनाच ठाऊक. पहिल्याच दिवशी मागची कड पायात अडकून बिचारा ओट्याच्या पायरीवर तोंडावर पडला. मानेपाशी एवढी मोठी फट राहिली होती की पाणी थेट आत जायचं. पाठ कोरडी राहावी म्हणून शिवलेला कोट पाठीवरच पागोळ्या सोडत होता. तीन-चार दिवसांत शेपटीच्या वर पाठ चिघळली आणि मागच्या पावसाळ्यातला तो वास पुन्हा यायला लागला. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो वास आम्हा दोघांनाही पुरेपूर ठाऊक होता.

मी कात्री घेऊन बसले. त्याने हात धरला. "कापू नकोस. आत दुमडून घे."

"कशासाठी? पणतवंडांसाठी?"

"दुमडून घे," तो म्हणाला.

मी जाड सुई घेतली आणि मान, कड, घेर, सगळं आत दुमडून टाके घातले. बोटं सुजली. बोलायचं ते सगळं मी बोलत होते, अगदी मास्तरांच्या खिशासकट सगळ्यांचा उद्धार केला, पण कोट बसला. पाऊस कितीही पडो, पाठ कोरडी. जखमेला खपली धरली, खपली पडली, आणि आषाढ संपायच्या आत तिथे मऊ केस आले. डॉक्टरांनी नवऱ्याची पाठ थोपटली. माझी बोटं कुणी पाहिली नाहीत.

पाठ बरी झाली, पण कुत्रा जेवेना. भाकरी-मासळीचं ताट अर्धं राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एके दिवशी कोट चढवताना माझ्या लक्षात आलं की मानेपाशी पुन्हा फट पडली आहे. कोट तोच होता, अंग आटलं होतं. नवरा दुपारचा झोपला तेव्हा मी टाके आणखी आत घेतले. दुसऱ्या दिवशी समुद्रावरून परत येताना नवऱ्याने पट्टीखाली दोन बोटं घालून पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, कसा अंगासरसा बसतोय. भरलाय तो."

मला उत्तर सुचत नाही असं माझ्या सासरच्यांनी कधी पाहिलेलं नाही. लग्नापासून या माणसाचं एकही चुकीचं वाक्य मी दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हटलं, "हो, भरलाय."

मग तो नेमच झाला. फट दिसली की मी दुपारी टाके आत घ्यायचे. कुत्रा आटत गेला आणि कोट त्याला नेहमी नीट बसत राहिला. कोळीण एकदा त्याला कुरवाळायला वाकली आणि बोलून गेली, "वयनी, ह्यो सुकलाय गो लय. हाडा लागतान हाताला." नवरा आत चहा पीत होता. मी तिला इतक्या जोरात गप्प केलं की तिने पाटी उचलली आणि त्या दिवशी मासळी न देताच निघून गेली. खोटं बोलणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आले, आणि आता माझ्याच घरात, माझ्याच सुईने, रोजचं खोटं शिवलं जात होतं. मला त्याची लाज वाटली नाही. भीती मात्र वाटत होती.

नवरात्र संपलं, ऊन पडलं. कुत्रा जिवंत होता. ओट्यावर उन्हात झोपला होता, पाठ कोरडी, केस दाट, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. नवऱ्याने रेनकोट धुतला आणि वाळत घालायला उलटा केला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "ठेवा तो, मी बघते." उशीर झाला होता.

आतल्या बाजूला माझ्या टाक्यांच्या रांगा होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. तो एकेका रांगेवरून अंगठा फिरवत राहिला. त्याला सगळं कळलं. मी हात पुसत बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला चार शब्द ऐकवावेत असं मला वाटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कोट दोरीवर टाकला, चिमटे लावले, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाळला की उसव," तो म्हणाला. "पुढच्या पावसाळ्यात घट्ट होईल त्याला."

"हो," मी म्हटलं. "उसवते."