आप्पांचे फुटवे

जगातली कुठलीही गोष्ट उसाच्या भाषेत सांगता येते, अशी खात्री असलेला माणूस मी एकच पाहिला: आमच्या आत्याचे यजमान, शिरूरकडचे आप्पा. आत्या रागावली की तिला तुरा आलेला असे. निवृत्त हेडमास्तरांनी उतारवयात दुसरं लग्न केलं तेव्हा गाव नुसतं कुजबुजलं, आप्पांनी तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणाऱ्या दुसऱ्या पिकाचा दाखला देत भर मांडवात नवरदेवाला सल्ला दिला, "खोडवा हाय गुरुजी, पाणी जपून द्या."

मग त्यांचा मुलगा आजारी पडला. रांजणगावला कंपनीत पाळीवर जायचा. त्याला कानात माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती गप्प झाली, तर बरोबरच्या कामगारानं सांगितलं की असल्या गोळ्या मेंदू जाळतात. पोरगा गोळी सोडायच्या बेतात आला. आप्पा धास्तावले आणि पेपरातलं एक कात्रण घेऊन थेट दौंडला माझ्याकडे आले, कारण मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मेंदूतल्या मूळपेशींपासून नव्या पेशी तयार होतात आणि या आजारावरच्या काही औषधांनी उंदरांमध्ये त्या वाढलेल्या दिसल्या, असं त्यात होतं. मी बजावलं, सगळ्या प्रयोगांत तसं दिसलेलं नाही आणि माणसाचं तर अजून कुणालाच ठाऊक नाही. आप्पांनी त्यातलं फक्त 'मूळ' ऐकलं.

"म्हंजी मूळ शाबूत हाय," ते म्हणाले. "फुटवा येनार."

तेव्हापासून पोराचं डोकं म्हणजे त्यांचा उसाचा प्लॉट झाला. बडबड्या पाहुण्यांना ते ओट्यावरूनच वाटेला लावत. कोवळ्या फुटव्यात जनावरं सोडत नाहीत म्हणे. जेवण झालं की गोळी स्वतः पोराच्या हातावर ठेवत आणि त्याच्या टाळूकडे असे निरखून बघत, की मला हसू आवरत नसे.

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला असताना गोळी देऊन आप्पा मोटर चालू करायला विहिरीवर गेले. पोरगा गोळी तशीच हातात धरून बसला आणि खरंच काही उगवतं का, असं त्यानं मला विचारलं. खोटं बोलणं माझ्याच्यानं झालं नाही. माहीत नाही, म्हणालो.

"मला वाटलंच व्हतं, दादा," तो म्हणाला. "पन आप्पांना सांगू नका. रोज वाट बघत्यात ते." आणि गोळी तोंडात टाकून तो वर पाणी प्यायला.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोरगा कामावर जातो, संसार करतो, गोळी घेतो. त्याच्या डोक्यात नवं काही उगवलं का, हे मला आजही सांगता येत नाही. आप्पा असते तर त्यांनी बेधडक सांगितलं असतं, आणि मी त्यांना अडवलं नसतं.