पाहुण्यांसाठी घासलेलं पितळ

होलोकॉस्टच्या म्युझियममध्ये कसले आलेत किस्से, असं लोक मला विचारतात. खरंय, हसायची जागाच नाही ती. पण दिवसभर तिथे दबकत वावरलं की असल्या गोष्टी साठत जातात. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही!

स्टुटगार्टपासून तासाभरावरचं छोटं गाव. एका ज्यू शिक्षकाच्या घराचं, दोन खोल्यांचं म्युझियम. चालवतात फ्राऊ केलर, रिटायर्ड शाळामास्तरीण. हाताखाली इंटर्न दोनच, मी नाशिकची आणि मरियम जॉर्जियाची. गावातली मुलं अर्जच करत नाहीत.

*

एकदा एक आजोबा तिकीट घेताना आमच्याकडे बघून गुरगुरले, "आमच्या इतिहासाशी तुम्हा परदेशी मुलींचा काय संबंध?"

मरियम शांतपणे म्हणाली, "तुमचा आहे ना? मग तुम्ही येत जा. शनिवारी माणूसच नाही आमच्याकडे."

आजोबा तरातरा आत गेले ते दोन तास बाहेरच आले नाहीत. आत काय चाललंय ते बघायची आमची हिंमत होईना. शेवटी आले, टोपी घातली आणि दारात थांबले.

"शनिवारी किती वाजता?"

*

दारासमोर फुटपाथमध्ये पितळी चौकोन बसवलेत. त्यांवर नाझींनी या घरातून नेलेल्या माणसांची नावं. पहिल्याच दिवशी घाईत माझा पाय लागला. सवयीने वाकले, नावाला बोटं टेकवली आणि कपाळाला लावली. तेव्हापासून रोज चुकवून चालायचं ठरवते आणि रोज पाय लागतोच!

एक दिवस फ्राऊ केलरनी खिडकीतून पाहिलं. म्हटलं, आता बोलणी बसणार.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "माणसांनी वाकून वाचावं म्हणूनच ते जमिनीत बसवलेत. पण या गावात रोज वाकणारी तू एकटीच!"

*

आईचा फोन आला की एकच रड. "दादासारखं गाड्यांच्या कंपनीत नाही का मिळालं काही? मेलेल्या माणसांच्या सामानात बसतेस दिवसभर. घरी गेलीस की आधी डोक्यावरून आंघोळ कर हो!"

मी भडकायचे. "अगं आई, म्युझियम आहे ते, स्मशान नाही!"

मग एकदा मला शाळेची एक वही स्कॅन करायला दिली. सहा वर्षांच्या मुलाची. बेरजांचं पान अर्धं सोडवलेलं, पुढे सगळी कोरी. त्या दिवशी खोलीवर गेले आणि मुकाट्याने डोक्यावरून पाणी घेतलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

*

आता हा शेवटचा.

शेजारच्या बागेत खणताना मेणबत्तीचा एक पितळी स्टँड सापडला, ज्यू घरांत दर शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावतात तसला. शिक्षकाच्याच घरचा, शेजाऱ्यांनी पुरून ठेवलेला. त्या घरातली फक्त मुलगी वाचली होती, पाच वर्षांची असताना एकटीच इंग्लंडला पाठवलेली. आता नव्वदीच्या पुढची. गुरुवारी तो बघायला ती येणार होती.

बुधवारी मी एकटीच होते. स्टँड काळाकुट्ट, खाचाखाचांत माती. घरचं माणूस इतक्या वर्षांनी घरी येणार आणि त्याच्यापुढे असलं पितळ ठेवायचं? छे! खोलीवरून आईने दिलेली चिंच आणली, मीठ घेतलं आणि घासघासून स्टँड सोन्यासारखा केला.

फ्राऊ केलर आल्या, बघितलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ऐंशी वर्षांची माती होती ती," त्या म्हणाल्या. "तो काळेपणाच तर दाखवायचा होता. तीच साक्ष होती. तू धुऊन टाकलीस."

"उद्या त्यांना तू स्वतः सांगायचंस. तुला इथे ठेवायचं की नाही, ते मग ठरवू."

गुरुवारी बाई काठी टेकत आल्या. मी पाठ केलेली जर्मन वाक्यं कशीबशी म्हटली. हे मी घासलं, मला कळलं नाही, माफ करा. मरियमने मागून माझा हात घट्ट धरला होता.

बाईंनी स्टँड उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात गोल फिरवला.

मग बाईंनी पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि स्टँडच्या तळाची एक खाच घासायला लागल्या.

"इथे राहिलंय," त्या मला म्हणाल्या. "शुक्रवारी आई पहिलं इथेच बोट फिरवून बघायची."