शेवटचा तुकडा

काम संपलं की स्विच बंद. भिलाईच्या पोलाद कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रिशियन असलेल्या प्रफुल्लभाऊ कापगत्यांचा हा धर्मच होता. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांचा जीव खालीवर होई. बायको दामिनी म्हणायची, "या माणसाच्या हाती लागलं तं सूर्याचंही बटण दाबन."

एका कोजागिरीला भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या घरी दामिनीने भुलाबाईची गाणी म्हटली आणि भाऊंनी त्यांचा व्हिडिओ काढला. फाईल भलतीच मोठी. तेव्हा पुतणी दिपालीने ती टोरंटवर टाकून दिली. फाईलचे तुकडे होतात, ज्याला जो मिळेल तो तो घेतो आणि पुढे देतो. पण भाऊ स्वस्थ बसणारे थोडेच! गोंदिया, तुमसर, रायपूर, फाईल घेणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना फोन: "गाणं वाजून राहिलं ना? मंग करा बंद!" पाहुण्यांनी निमूट ऐकलं. तुकडे क्रमाने येत नसतात, त्यामुळे प्रत्येकाकडे फाईल कुठे ना कुठे तुटकीच राहिली.

दामिनी गेली. वर्षभरात भाऊंच्या कॉम्प्युटरची डिस्कही गेली. टोरंट पुन्हा लावलं, तर सगळं गाणं उतरलं, फक्त शेवट येईना. शेवटी दामिनी त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली होती. काय, ते काही केल्या आठवत नव्हतं. एवढ्या संसारातलं तेवढंच एक वाक्य त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी जीव नुसता तुटत होता.

"नेटवर्क कोडिंगवाली फाईल असली नं काका," दिपाली फोनवर म्हणाली, "तं हरेक जण सगळ्या तुकड्यांचं मिश्रण पाठवते. कोनतेही पुरेसे मिश्रण जमले की फाईल पूर्ण. एकाच तुकड्यासाठी असं अडून राहा लागत नाही."

"आपली तशी नाही?"

"नाही काका. कोनाजवळ शेवट असन, त्यानं कॉम्प्युटर चालू कराले पायजे."

भाऊंनी मग त्याच सगळ्यांना पुन्हा फोन केले. "एक डाव चालू करा ना," म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचा कॉम्प्युटर मात्र त्यांनी बंद केला नाही. दिवसभर ते त्याच्यासमोर बसून राहत.

दिवाळीच्या सफाईत गोंदियाच्या राधाबाईंनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला आणि भाऊंच्या शब्दाखातर लावून ठेवला. संध्याकाळी इकडे भिलाईत फाईल पूर्ण झाली.

गाणं संपलं. दामिनी हसत पुढे आली. "अवो, राहू द्या ना चालू. आणखी एक म्हणतो ना मी. कावून बंद करून राहिले?"

आणि चित्र थांबलं. तेव्हाही भाऊंनी बटण दाबलंच होतं.

भाऊ ढसाढसा रडले. जरा वेळाने सवयीने हात स्विचकडे गेला. तेवढ्यात स्क्रीनवर दिसलं, तुमसरचं कोणीतरी त्यांच्याकडून तोच तुकडा घ्यायला लागलं होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि तसेच बसून राहिले.