कनेक्टरमधला उजेड

हडपसरच्या आमच्या शेडमध्ये ते मशीन आलं तेव्हा शटर उचकटावं लागलं, आणि शपथेवर सांगतो, ते आत सरकलं तशी पलीकडची भिंत वीतभर मागे गेली. मालकांनी मोजपट्टी लावून मला खोटं पाडलं, ती गोष्ट वेगळी.

मशीनचं काम सर्किट बोर्डांवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, पातळ थर फवारायचं. आमचे बोर्ड साखर कारखान्यांत जायचे, आणि तिथली वाफ अशी की उघडा बोर्ड दोन हंगामांत हिरवा पडे. तोवर हा थर तीन बायका ब्रशनं देत. त्यांतली थोरली मांजरीहून यायची, तिला सगळे मावशी म्हणत. नऊ वर्षं ब्रश धरून तिची नजर अशी झाली होती की बोर्डावर मुंगीनं श्वास सोडला तरी तिला डाग दिसे.

मी डिप्लोमावाला, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. असलं मशीन डोळे मिटून चालवतो, असं मी मुलाखतीत ठोकून दिलं होतं. पाहिलं होतं फक्त कॅटलॉगात.

"येत्या सोमवारी गिऱ्हाइकाचा तपासनीस येतोय," मालक म्हणाले. "बोर्ड पास झाले तर आपण इथे कायम. नाही झाले तर मशीन डीलरकडे परत जाईल. त्याच टेम्पोत आपणही बसा. मागे जागा असते."

पुण्यात माणूस तुम्हाला 'आपण' म्हणायला लागला की सामान आवरायला घ्यावं, एवढं मला तोवर कळलं होतं. आणि जायचं कुठे? कर्वेनगरच्या खोलीतले चौघेही कॉम्प्युटरच्या मागे लागलेले. दर आठवड्याला कुणीतरी कंपनीत चिकटायचा. एक तर इतक्या घाईनं अमेरिकेला गेला की त्याचा चहा निवायच्या आत त्याच्या गादीवर दुसरा झोपला होता. आणि मी घरी, तिकडे वऱ्हाडात, 'कायम झालो' असं आधीच कळवून मोकळा झालो होतो. आईनं पेढेही वाटले होते. वाटलेले पेढे परत कसे मागणार?

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. पूजेचा मान माझा, कारण मशीन माझं. इतरांनी आपापल्या ड्रिलला, सोल्डरिंग आयर्नला बोटभर हळदकुंकू लावलं. मी मात्र असा काही पेटलो की मशीनला नवरी करून टाकली. दारावर स्वस्तिक, नोझलला झेंडू, आणि बोर्ड ज्यात बसतो त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेच्या प्रत्येक चिमट्याला हळदीचं बोट. मावशी म्हणाली, "अरे, लग्न लावतोस का त्याचं?"

दसऱ्याची सुट्टी झाली. गुरुवारी चाचणी. आमच्या लॅकरची खूण अशी, की जांभळ्या दिव्याखाली धरलं की ते चमकतं. बोर्डभर चमकायला हवं, पण वायर खोचायच्या कनेक्टरमध्ये मात्र मिट्ट काळोख हवा, कारण तिथे लॅकर शिरलं तर वीज पोचत नाही. पहिला बोर्ड मी दिव्याखाली धरला. बोर्ड झकास. आणि कनेक्टरमध्ये दिवाळी!

ट्रे फडक्यानं पुसला, नोझल वर घेतलं. तरी दिवाळी. डावीकडे सरकवलं, हवेचा दाब कमी केला, प्रोग्राम पुसून पुन्हा लिहिला. शुक्रवार तसाच गेला. एका जागी बसवेना. त्या दोन दिवसांत मी शेडच्या आतल्या आत साताऱ्यापर्यंत चाललो असेन. घरी जाताना बसमधून मध्येच उतरायचो, थांब्यावर हवेतच हातानं मोजायचो, नोझल किती वर, किती खाली, आणि पुढच्या बसमध्ये चढायचो. कंडक्टर म्हणाला, "काय राव, सगळ्या बसेस तपासायला ठेवलंय का?"

शनिवारी डबा खाऊन मावशी माझ्या टेबलापाशी आली. तीन दिवस तिघी रिकाम्या बसून माझी येरझार बघत होत्या. तिनं बोर्ड घेतला, दिव्याखाली फिरवला.

"लॅकर न्हाई हे," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"सांगते की. पण आधी तू सांग. हे मशीन चाललं की आमी तिघी घरी. तुला बी ठाऊक हाय, मला बी."

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली नाही.

"ह्या दिव्यापाशी आमाला बसवायचं. तिघींना. बोल."

"बसवतो."

"देवाशपथ?"

"आईशपथ."

मग तिनं स्वतःचा हात दिव्याखाली धरला. सकाळी भाजी करून आलेली ती. तिच्या नखांच्या कडा पिवळ्याधमक पेटल्या. "लॅकर निळं दिसतं. कनेक्टरात बघ, पिवळं हाय. तुझी हळद ती. फडक्यानं कुठं निघती? लॅकरातलं थिनर पडलं की इरघळती आन् चिमट्यावरनं कनेक्टरात जाती."

दोन दिवस मी उजेडच बघत होतो, रंग बघितलाच नव्हता. नुसती बोटभर हळद, तीही माझ्याच बोटाची. दुपारभर आम्ही चौघांनी थिनरनं चिमटे घासले. पुढचा बोर्ड दिव्याखाली धरला, तर कनेक्टर काजळासारखा काळा.

सोमवारी तपासनिसानं वीस बोर्ड बघितले, मान हलवली आणि चहा मागितला. तो गेल्यावर मालकांनी विचारलं, "शुक्रवारपर्यंत आपला चेहरा मयताला निघाल्यासारखा होता. काय बिघडलं होतं?"

"परदेशी नोझल, साहेब. आपली हवा त्याला मानवेना. समजूत घालावी लागली." मग घसा खाकरून म्हणालो, "पण एक आहे. मशीनला डोळे नाहीत. दिव्यापाशी सराईत नजर हवी. सहा जणी तरी लागतील."

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तीन."

"साहेब, तिघींत कसं—"

"ज्या आहेत त्या तीन. नव्या भरायच्या नाहीत. आणि उद्या ऑफिसातून तुझं कायमचं पत्र घेऊन जा."

'तुझं' म्हणाले! मी उडत शेडमध्ये गेलो, जमिनीला पाय लागला असेल तर एकदाच, वळणावर. मावशीला सगळं सांगितलं, सहा मागून तीन कशा पदरात पाडून घेतल्या तेही रंगवून.

तिनं ब्रश थिनरच्या डब्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सहाच मागितल्यास? एरवी एवढं फेकतोस, आज कंजूषपणा का केलास? बारा म्हणायचं. माझी जाऊ रिकामी बसलीया घरी."