दोन फांद्यांची जांभूळ

आमच्या वसाहतीत मला चिकट म्हणतात आणि ते खोटं नाही. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं सगळेच सांगतात. मी तर पाय पोटाशी घेऊन झोपणारी. त्यामुळे गॅस महागला, पेट्रोल महागलं म्हणून शेजारणी कपाळाला हात लावून बसल्या, तेव्हा मला आतून बरंच वाटलं. आता आपल्या विद्येचे दिवस आले, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण होतं तसं सांगते.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडीतात गेलं. आमचं म्हणजे नवऱ्याचं. मी लग्न होऊन आले ती थेट या नव्या वसाहतीत, सरळ आखलेल्या गल्ल्यांत, जिथे झाडं अजून माणसाच्या कमरेएवढीच होती. जुनं गाव मी पाहिलेलंच नव्हतं. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासू. सासूला मी नवऱ्यासारखंच माय म्हणते. मायला डोळ्यांनी फक्त उजेड आणि अंधार कळतो, बाकी सगळं ती हातांनी आणि नाकाने करते.

नवरा वरठीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो. पेट्रोल परवडेना तेव्हा वसाहतीतल्या आणखी दोघांना गाठून मी पाळी लावून दिली: एका गाडीवर तिघं, आज याची गाडी, उद्या त्याची. मग सिलिंडरकडे वळले. तो कोपऱ्यात सरकवला, वर जुन्या लुगड्याचं कापड टाकलं आणि पाहुणे आले तरच हात लावायचा असं जाहीर केलं. घरामागच्या सांदवाडीत टिनाखाली चूल घातली. मायनेच मातीचा हात फिरवून ती लिंपली आणि तिचा चेहरा पुष्कळ दिवसांनी खुलला.

सरपणाचीही सोय होती. वसाहतीच्या खाली धरणाचं पाणी सुरू होतं आणि त्या पाण्यात जुन्या गावाची झाडं अजून उभी होती. पानं नाहीत, साल नाही, नुसते काळे-पांढरे सांगाडे, त्यांच्यावर पाणकावळे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की चिखल वाळून भेगा पडतात आणि जुन्या गावापर्यंत चालत जाता येतं. ती झाडं कोणाच्याच मालकीची राहिली नव्हती. फुकटची लाकडं समोर उभी असताना लोक गॅसच्या रांगेत उभे राहतात, याचंच मला नवल वाटायचं.

पहिल्यांदा एकटीच गेले, भर दुपारी, कारण त्या वेळी दुसरं कोणी येत नाही. सावली कुठेच नव्हती. पायाखाली मातीचे पापुद्रे मोडत होते आणि तेवढाच आवाज. चालता चालता लक्षात आलं की मी रस्त्यावरून चालतेय. दोन्ही बाजूंना घरांची जोती होती, लोकांनी जाताना दारं, चौकटी, छपरावरचे कवेलू काढून नेलेली. एका जोत्याला पायरी होती. मी तिला वळसा घालून गेले, कोणाच्या तरी घरात शिरू नये तशी. मागे कोणी उभं आहे असं दोनदा वाटलं, दोनदा वळून पाहिलं. मग स्वतःला दटावलं, मोळी बांधली आणि निघाले.

संध्याकाळी भात टाकला. माय चुलीपाशी बसली होती. धूर तिच्याकडे वळला तशी तिने मान वर केली आणि म्हणाली, "हा तर गुरुजीच्या आंगनातला निंब होय."

मी हसले. नवऱ्याला जेवताना सांगितलं, तुमच्या मायचं नाक बघा. कुठून आणलं, असं त्याने विचारलं. पायरीवालं जोतं, त्याच्या डाव्या बाजूला, मी म्हटलं. तो घास हातात धरून थांबला. गुरुजींचं घर तेच, एवढंच म्हणाला आणि पुढे जेवला.

त्यानंतर रोज तेच. मी कुठून काय आणलं ते सांगायची नाही आणि माय धुरावरून सांगायची. हा कोतवालाचा आंबा. हा विहिरीवरचा उंबर. ही देवळामागची बोर, हिच्या काट्याने माझा पाय महिनाभर सुजला होता. नवरा रोज मान हलवायचा: हो, तिथे बोर होती. एकदा मी परीक्षा घेतली. शहापूरकडच्या हायवेच्या कडेची बाभळीची फांदी आणून गुपचूप चुलीत सारली. माय बराच वेळ धुरात तोंड धरून बसली. "हे लाकूड मुकं आहे बाई," ती म्हणाली. "हे आपल्या गावचं नोहे."

त्यानंतर मी परीक्षा घेतली नाही. पुढे पुढे तर ती जेवताना थोडी सरकून बसू लागली, शेजारी कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी. चुलीकडे बघून हळूच हसायची, कोणाची तरी विचारपूस करायची, उत्तरासाठी थांबायची. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण कोपऱ्यातला सिलिंडर हलवून पाहिला की तो अजून भरलेलाच लागायचा आणि भीती मागे पडायची. धूर काही कोणाला खात नाही, असं मी मला समजावलं.

मायची एकच मागणी असायची. ऊन कललं की तिला वसाहतीच्या कडेच्या उंचवट्यावर नेऊन बसवायचं, पाण्याकडे तोंड करून. तिथे बसली की ती रोज एकच विचारायची: "दोन फांद्यांची जांभूळ उभी आहे ना?" दूर, जुन्या शेतांच्या बाजूला, खरंच तसं एक झाड होतं, बुंध्यातून दोन सारख्या फांद्या फुटलेलं. पहिल्या वेळी मी बघून सांगितलं असेल. नंतर मी भाजी निवडता निवडता, मान वर न करता "आहे" म्हणायची. म्हाताऱ्या माणसाची एखादी रट असते, तशी ही, असं मी धरून चालले.

मृग जवळ आला तशी मला घाई झाली. पाणी चढलं की सरपण बंद. तोवर माझं पाहून निम्मी वसाहत कुऱ्हाडी घेऊन उतरली होती आणि जवळची झाडं संपली होती. एका रविवारी मी नवऱ्याला सोबत घेतलं. सासऱ्यांची जुनी सायकल घेतली, कारण मोटारसायकल काढू देणारी मी नव्हे. त्या दोन फांद्यांच्या जांभळीपाशी पोचलो तेव्हा तो म्हणाला, हे राहू दे, उगाच लांबचं. मी म्हटलं, जांभळीचं लाकूड पाण्यात कुजत नाही, हे एक झाड म्हणजे पावसाळाभराची निश्चिंती.

बुंध्याशी चिखलात काही दगड होते, हातभर लांबीत नीट मांडलेले. झाड वरून तोडलं असतं तरी चाललं असतं. पण वीतभरही लाकूड वाया जाऊ नये म्हणून मी ते दगड उपटून बाजूला भिरकावले आणि नवऱ्याला अगदी मुळाशी घाव घालायला लावला. झाड पडलं तेव्हा आवाज फारसा झाला नाही. त्या दिवशी फक्त बुंध्याचे तुकडे सायकलला बांधून आणता आले. दोन्ही फांद्या तिथेच राहिल्या.

संध्याकाळी ते लाकूड पेटता पेटेना. मुळाकडचा भाग, आत ओल. शेवटी धरलं, पण ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला फेस आला आणि बारीक आवाज निघू लागला. ओलं लाकूड जळताना करतं तसाच, पण थांबून थांबून, दम घेतल्यासारखा. माय नेहमीच्या जागी बसली होती. मी तिच्या तोंडून झाडाचं नाव निघण्याची वाट पाहत होते. तिने चुलीच्या दिशेने हात पुढे केला, चटका बसेल इतका, आणि मागे घेतला.

मग म्हणाली, बाहेर ने. उंचवट्यावर बसवलं. तिने विचारलं, "जांभूळ उभी आहे ना?"

"आहे माय," मी म्हटलं.

"दोन्ही फांद्या?"

"दोन्ही."

"मंग माहं लेकरू चुलीत काहून रडून राहिलं?"

ती रडत नव्हती. तिने साध्या आवाजात सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तीन दिवस जगला. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. तिच्या सासूने त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून शेताच्या कडेला त्या जांभळीखाली पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड मांडले. बारसं झालेलं नव्हतं, म्हणून घरात पुन्हा त्याचा विषय निघाला नाही. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. शेतातून परतताना ती रोज त्या झाडाला हात लावून यायची. "मोबदल्यासाठी घर मोजलं, विहीर मोजली, झाडं मोजली," ती म्हणाली. "त्याले कोणी मोजलं नाही." पाणी चढलं तेव्हा तिचं बाकी सगळं गेलं, पण ती दोन फांद्यांची जांभूळ वर राहिली, म्हणून ती या वसाहतीत राहू शकली. तिला दिसत नव्हतं, तेव्हा ती माझ्या डोळ्यांवर विसंबली होती.

मी पाया पडले असं लिहायला आवडलं असतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की किती तुकडे जळून गेले असतील. मी धावत सांदवाडीत गेले, ओंडका चुलीतून ओढला आणि पाणी ओतलं. तो आवाज तेव्हा कुठे थांबला. मग मी तिथेच राखेत बसून रडले.

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने खाडा केला. मायला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आम्ही चिखलाच्या काठापर्यंत नेलं. तिथे तिने माझा हात सोडला. भेगाळलेल्या जमिनीवर ती पुढे चालू लागली, काठी न टेकवता. जुनी विहीर चिखलाने भरून जमिनीला मिळाली होती, नुसता काठ वर होता. तिला वळसा घातला. एका जोत्यापाशी थांबून पदर डोक्यावर घेतला आणि पुढे गेली. आम्ही दोघं मागे, तिच्या पावलांवर पावलं टाकत. थांबली ती नेमकी तोडलेल्या जांभळीच्या खुंटापाशी.

मी भिरकावलेले दगड मी शोधून आणले. तिने प्रत्येकावरून हात फिरवला आणि म्हणाली, एक कमी आहे. होता कमी. तो पन्नास पावलांवर सापडला. नवऱ्याने खुंटाच्या दोन्ही अंगांना खोल खड्डे खणले आणि पडलेल्या दोन फांद्या त्यांत उभ्या केल्या. घट्ट ठोकून बसवल्या. जळायचे राहिलेले तुकडे मी परत आणले होते, ते मुळाशी ठेवले. खणताना नवरा एकदाही आमच्याकडे बघत नव्हता. परतताना तो सायकल हातात धरून चालला आणि मायला विचारलं, तो कोणासारखा होता. ती म्हणाली, तुझ्यासारखा.

घरी येऊन मी सिलिंडरवरचं कापड काढलं. आता गॅसच पेटतो, पण दिवसातून एकदाच. तांदूळ आधी भिजवते, सकाळचा भात संध्याकाळी पेजेत घालते, चहा मी सोडला. चिकटपणा गेला नाही माझा. फक्त काय फुकट आहे हे ठरवायला आता मी दोनदा विचार करते. माय जेवताना सरकून बसत नाही. चूल तशीच आहे, तिच्यात काही पेटवत नाही.

पाणी चढलं. जोती गेली, रस्ता गेला, दगड गेले. त्या दोन फांद्या तेवढ्या वर राहिल्या, पाणकावळे पुन्हा त्यांच्यावर बसू लागले. रोज संध्याकाळी मी मायला उंचवट्यावर नेते, ती विचारते, मी भाजी बाजूला ठेवून आधी बघते आणि मग सांगते.

परवा वारा फार होता. तिने विचारलं, मी पाहिलं. डावीकडची फांदी नव्हती. खूप वेळ पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. माझ्या तोंडून सवयीने "आहे" निघणारच होतं.

"एकच राहिली ना बाई," माय म्हणाली. तिचं तोंड पाण्याकडेही नव्हतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो माय, एकच."