नकाशातली कोरी जागा

वाघमोडे बाई गेल्याचं मला त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तुळजापूरच्या बाजारात शेपूची जुडी निवडत होते. "आत्या गेली... सकाळी." मी विचारलं, "शेवटी काही म्हणाल्या का?" तो म्हणाला, "दवाखान्यातल्या नर्सला इचारत होती, तुझं गाव कोणतं, तिथं नदी कोणत्या अंगानं वाहते." मला आधी हसू आलं आणि मग तिथंच, भाजीवालीच्या समोर, डोळे भरून आले. ह्याला आता पाच आठवडे झाले.

शेवंता वाघमोडे. माकणीच्या मेंढपाळ घरातली, शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. लहानपणी मेंढरांमागं चालताना अर्धा जिल्हा पायाखालून गेलेला, त्यामुळं भूगोल शिकवताना त्या पुस्तक क्वचितच उघडत. वीस-बावीस वर्षांपूर्वी जळकोटच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेत माझी बदली झाली (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही), तेव्हा शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली. मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली सून, मराठीची शिक्षिका. खोलीत पाण्याचा एक माठ होता. तो भरायला येणारी बाई कोणत्या वस्तीतली आहे ह्याची चौकशी मी पहिल्याच दिवशी करून घेतली होती आणि दुसऱ्या दिवसापासून घरची बाटली नेऊ लागले होते. आठवड्याभरात वाघमोडे बाईंनी विचारलंच, "सुलभाताई, तुम्ही माठातलं पाणी पीत न्हाईत. का बरं?" आवाजात टोमणा नव्हता. एखादा ओढा मध्येच का वळला असं विचारावं, तसं विचारलं होतं. मी म्हटलं, "गार पाणी सोसत नाही, घसा धरतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी थर्मासमध्ये कोमट पाणी आणलं. त्यांच्या घरचं पाणी तरी कुणी भरलेलं असेल कोण जाणे, म्हणून मी कुणी नाही असं बघून ते खिडकीखालच्या जास्वंदीला घातलं. असं महिनाभर चाललं.

त्या वर्षी त्यांनी सातवीच्या मुलांना सांगितलं, आपल्या गावाचा नकाशा काढा, कुणाला न विचारता, आठवेल तसा. सोमवारी पस्तीस-चाळीस कागद आले. बाईंनी ते सगळे व्हरांड्यात फरशीवर मांडले, कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि मला हाक मारली. "ताई, या की. गाव एकच हाय ना? मग बघा." बहुतेक नकाशांत वेस, मंदिर, ग्रामपंचायत, पाटलांची विहीर अगदी कठड्यासकट होती आणि ओढा ओलांडला की कागद कोरा. तीन-चार नकाशांत मात्र ओढ्यापलीकडची घरं दारांसकट काढलेली, एका मुलीनं तर प्रत्येक घरावर नाव लिहिलेलं, अगदी शेळी बांधायची जागासुद्धा. तिच्या नकाशात मंदिराची नुसती बाहेरची भिंत होती, आत काहीच नव्हतं. "विहीर का काढली न्हाईस?" बाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, "कशी दिसते म्हाईत न्हाय, बाई." बाईंनी उकिडवं बसून एकेक कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "हे सगळे नकाशे अर्धेच हायेत. ज्याचं त्याचं गाव ज्यानं त्यानं दाखवायचं. शनवारी चालत जाऊ."

चार शनिवार मुलं दोरी आणि फूटपट्टी घेऊन गावभर फिरली. ज्याला जी जागा माहीत, त्यानं बाकीच्यांना तिथं न्यायचं. मुलांना गंमत वाटत होती. ओढ्यापलीकडच्या एका आजीनं मुलांना बोरं दिली आणि पाटलाकडचा मुलगा ती खाताना मी स्वतः पाहिला. तिसऱ्या शनिवारी विहिरीपाशी मालक आडवे आले. "बाई, ही पोरं इकडं नकोत." बाईंनी विचारलं, "कोणती?" त्यांनी मुलांकडं पाहिलं. सगळ्यांचा गणवेश एकच, सगळ्यांचे पाय धुळीनं सारखेच माखलेले. त्यांना सांगता येईना. मग ते एकेकाला आडनाव विचारू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "दादा, नकाशात आडनाव लागत न्हाई. विहिरीची रुंदी लागते. सांगता का?" ते रागानं निघून गेले. मुलांनी रुंदी मोजली.

सोमवारी तक्रार आली. मुख्याध्यापकांनी एक कागद तयार केला... वाघमोडे बाई तासाच्या वेळी मुलांना विनापरवानगी गावात फिरवतात, त्यामुळं गावात तणाव निर्माण झाला आहे. शिक्षकांनी खाली सह्या करायच्या. शनिवारची परवानगी मुख्याध्यापकांनीच तोंडी दिली होती हे मला माहीत होतं, दिली तेव्हा मी तिथंच बसले होते. तरी मी सही केली. दोन महिन्यांनी त्यांची बदली कळंबकडच्या शाळेत झाली. निरोपाच्या दिवशी मी रजा काढली.

त्यानंतरच्या दिवाळीत एका दुपारी त्या आमच्या तुळजापूरच्या घरी आल्या. कळंबहून दोन एसटी बदलून. मी दार उघडलं. त्या बसल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "भांडायला न्हाई आले. मला एकच गोष्ट समजून घ्यायचीय. सही करताना तुमच्या मनात काय होतं?" कितीतरी दिवस मी स्वतःलाही हे विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "भीती." मग म्हटलं, "नुसती भीती नाही. तुम्ही ओढ्यापलीकडं जाऊन आलात की तुमच्याजवळ बसायला मला नको वाटायचं." आणि एकदा बोलायला लागल्यावर थर्मासच्या पाण्याचंही सांगून टाकलं. त्या हसल्या. "ते ठाऊक होतं. भर उन्हाळ्यात ती एकच जास्वंद हिरवीगार." मग गंभीर झाल्या. "एक सांगू का? आमची आई बी तसल्या वस्तीतलं पाणी घेत नव्हती. रानात तहानेनं जीव जायची वेळ आली तरी न्हाई. म्या कधी इचारलं न्हाई, का म्हणून. त्या पोरीनं काढलेली घरं बघितली आन कळलं... जिल्हा सगळा फिरले, माझा नकाशा बी तिथंच कोरा हाय."

तेवढ्यात सासूबाईंनी चहा आणला. मला कपबशीत, बाईंना परजातीच्या लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. बाईंनी पेला उचलला. मी उठले, वेगळ्या फळीवरचा तसलाच दुसरा पेला काढला, माझा चहा त्यात ओतला आणि त्यांच्या शेजारी बसून प्यायले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. पुढचे चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी ते पेले घरच्या कपांच्या फळीवर आले. कोणी ठेवले, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सातवीच्या नकाशाचं ते काम मी हाती घेतलं. वाघमोडे बाईंना पत्र लिहून सगळं विचारून घेतलं. ह्या वेळी परवानगी लेखी मागितली आणि मिळाली. आडवे येणारे होते, पण त्यांच्यातल्या एकाची नात वर्गात होती आणि तिला ओढ्यापलीकडची घरं मोजायची होती... तिला अडवणं त्यांना जमलं नाही. मोठा नकाशा तयार झाला, भिंतीवर लागला. गाव बदललं असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. माठातलं पाणी मात्र मी त्या वर्षीपासून प्यायला लागले.

मागच्या रविवारी माकणीला गेले होते. निवृत्तीनंतर बाई तिथं भावाच्या घराशेजारी राहत. घराला कुलूप होतं, भाचा किल्ली आणायला गेला. मी ओट्यावर बसले. समोरच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत आली, माझ्याजवळ बसली आणि नेहमीचाच प्रश्न तिच्या तोंडावर आला. "कुण्या घरच्या म्हनायच्या तुमी?" मी उत्तर द्यायच्या आत तिनंच जीभ चावली. "न्हाय न्हाय... बाईला आवडायचं न्हाय हे. मानसाला आधी हे इचारू नगं म्हनायच्या. रोज ह्याच ओट्यावर बसून शिकवलं बघा मला, ह्या वयात." मग तिनं नव्यानं, सावकाश विचारलं, "जेवलाव का?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"मंग चला," ती म्हणाली, आणि उठताना आधारासाठी तिनं माझा हात धरला.